गहाण पडलेला हात

सहा महिने माझ्या अंगाला लसणाचा वास येत होता. फोडणीचा खमंग वास नाही, चार दिवस डब्यात विसरलेल्या चटणीचा. उजव्या हाताला दिवसातून पाच वेळा लावायचं एक मलम होतं. ते कातडीतून आत शिरायचं आणि श्वासातून बाहेर यायचं. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली माणसं दोन मिनिटांत उठून पुढच्या सीटवर जायची. डच माणूस सहसा तोंडावर बोलतो, पण या बाबतीत कुणी काही बोललं नाही. नुसते उठायचे.

हे लिहायला बसले ती त्या वासासाठी नाही. तो औषधाचा वास होता आणि औषधाने आपलं काम केलं. त्या औषधाचे पैसे ज्या वाटेने दिले गेले, तिची मला आजही किळस येते. त्या वाटेवर मला कुणी ढकललं नव्हतं, मी माझ्या पायांनी गेले. अपघातानंतर हातात एक कागद घेऊन ‘सही करू की नको’ म्हणत बसलेलं कुणी असेल, तर त्याने हे वाचावं.

पडले तो दिवस

मी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहते. नवरा हेमंत इथल्या चिप-मशीनच्या धंद्यात इंजिनियर. पुण्याहून आलो तेव्हा मी ‘डिपेंडंट’ होते. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचायचा. म्हणून शिलाई मशीन घेतलं. आपल्या बायकांचे ब्लाउज, फॉल-पिको, आणि डच शेजाऱ्यांच्या पडद्यांची लांबी कमी करणं, पँट कमरेत आत घेणं. पाच वर्षांत माझ्या नावाने धंद्याची नोंदणी झाली, माझे ग्राहक झाले. आमची मुलगी इरा अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला मी सायकलवरून पडदे पोचवायला निघाले होते. गोल चौकात सायकलींच्या लाल पट्ट्यावर होते, वाट माझी होती. चौकातून बाहेर पडणाऱ्या एका गाडीने मला उडवलं. मी उजव्या हातावर पडले. गाडी चालवणारे आजोबा खाली उतरून रडायला लागले आणि मी, मनगट वाकडं झालेलं असताना, त्यांनाच ‘होतं असं कधीतरी’ म्हणत होते. हॉस्पिटलमधली सिस्टर म्हणाली, असं पुष्कळ जणांचं होतं, दुखायला नंतर लागतं.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांत मशीनवर बसाल, असं सांगितलं.

निदान

प्लास्टर काढलं तेव्हा आत माझा हात नव्हता. जांभळट, सुजलेलं, चकचकीत काहीतरी होतं. घाम सुटलेलं. त्यावर सिस्टरने कागदी रुमाल ठेवला आणि मी किंचाळले. कागदी रुमाल! मला स्वतःचीच लाज वाटली. वाटलं, आता ही म्हणणार, बाई नाटकी आहे.

ती तसं म्हणाली नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी हात न लावता दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हाड जुळलंय. पण तुमच्या मेंदूला ते अजून कळलेलं नाही. तो धोक्याची घंटा वाजवतच राहिलाय.”

आजाराचं नाव लांबलचक आहे, इथे देत नाही. मी नेटवर शोधलं, तुम्हीही शोधाल, आणि माझ्यासारखेच तीन दिवस जेवणार नाही. म्हणून एवढंच सांगते, तो बरा होऊ शकतो. लवकर हालचाल सुरू केली तर जास्त शक्यता. डॉक्टरांनी मला हे तीन वेळा सांगितलं. “दुखलं तरी हलवा. वापरला नाही तर हात विसरतो.” हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी पुढे नेमकं त्याच्या उलट वागले.

त्यांनी मलम लिहून दिलं. ते तयार मिळत नाही. अपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, सांगून बनवून घ्यावं लागतं. त्याच आठवड्यात माझ्या आरोग्य विम्याचं पत्र आलं की हे मलम आमच्या यादीत नाही. फिजिओथेरपीच्या सुरुवातीच्या फेऱ्याही माझ्या पॉलिसीत नव्हत्या. आजोबांच्या गाडीच्या विमा कंपनीला पत्र लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं, ‘आपण चौकात शिरताना हाताने इशारा केला होता का, याची चौकशी सुरू आहे.’

माझं काम बंद. जो स्वतःचा धंदा करतो त्याला आजारपणाची रजा नसते, आणि पगारही नसतो. हेमंतचा पगार होता, आम्ही उपाशी मरत नव्हतो. पण दर वेळी मलम संपलं की हेमंतच्या कार्डापुढे हात पसरायचा, हे मला पुन्हा ‘डिपेंडंट’ करत होतं. तो कधी काही बोलला नाही. मीच ट्यूब पिळून पिळून वापरायला लागले. पाचऐवजी तीन वेळा.

मंदार

मंदार आमच्या ओळखीचा. नाशिकचा, हेमंतपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत माइक त्याच्याच हातात असायचा. तो भेटायला आला तो संत्री आणि चकल्या घेऊन. माझा हात बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही, आणि म्हणूनच जास्त शिसारी येते.

“वहिनी, तुम्ही औषधाचे पैसे खिशातून देताय?” तो म्हणाला. “कशासाठी? चूक त्या म्हाताऱ्याची, पैसे त्याच्या विम्याचे. मधल्या काळात तुम्ही का भोगायचं?”

मग त्याने सांगितलं. दुसऱ्या गावात एक ब्युरो आहे, अपघातात जखमी झालेल्यांची कामं करतं. ते केस चालवतात. केस चालू असेपर्यंत औषधं घरपोच पाठवतात, डॉक्टर देतात, सगळं उधारीवर. तुम्ही एक सेंटही द्यायचा नाही. नुकसानभरपाई मिळाली की त्यातून ते आपले पैसे आधी कापून घेतात आणि उरलेले तुम्हाला देतात.

“आणि केस हरलो तर?” हेमंतने विचारलं.

“हरणार कशी? इथला कायदा सायकलवाल्याच्या बाजूचा आहे, दादा.”

दुसऱ्या भेटीत कागद आला. डचमध्ये, सात पानं. आम्हा दोघांनाही भाजी आणण्यापुरतं आणि शाळेतल्या बाईंशी बोलण्यापुरतं डच येतं. मंदारने प्रत्येक पानाचं मराठीत एका वाक्यात सार सांगितलं. आज मला माहीत आहे की मी माझ्या भरपाईवरचा पहिला हक्क त्यांच्या नावे लिहून देत होते. गहाणखतच ते. पण त्या दिवशी मी एवढंच ऐकलं की उद्यापासून मलम येईल आणि मला कुणाकडे मागावं लागणार नाही.

उजव्या हातात पेन धरवत नव्हतं. डाव्या हाताने सही केली. पहिलीच्या पोराने काढावी तशी आली. मंदार म्हणाला, “चालतंय, वहिनी. उलट बरंच आहे. फाइलमध्ये चांगलं दिसतं.”

मी हसले. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता.

पार्सलं

मलम आलं. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी पाचदा लावलं. मग मागोमाग दुसरी पार्सलं यायला लागली. बधिर करणाऱ्या पट्ट्या. जीवनसत्त्वांच्या बाटल्या. हाताचा एक भारी काळा पट्टा, ज्यात मनगट अजिबात हलत नाही. ब्युरोच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. पाच-सहा मिनिटं असेल. त्यांनी विचारलं, दुखणं दहापैकी किती? मी म्हटलं, सहा, कधी सात. ते म्हणाले, “म्हणजे आठ धरू.” पुढच्या पार्सलात मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या होत्या.

त्या गोळ्यांनी दुखणं गेलं नाही. दुखणं दुसऱ्या खोलीत बसल्यासारखं झालं, आणि मीही. इरा शाळेतून येऊन काहीतरी सांगायची, मी ‘हं’ म्हणायचे, आणि ती गेल्यावर लक्षात यायचं की तिने प्रश्न विचारला होता. मळमळ. तोंडाला कोरड. आणि संडासला आठ-आठ दिवस होत नसे. आजारपणाबद्दल लिहिणारे हे लिहीत नाहीत, पण मी लिहिते, कारण पुढची गोष्ट त्यामुळेच घडली.

ब्युरोची एक बाई दर आठवड्याला फोन करायची. गोड आवाज. तिला माझ्या दुखण्याची रोजनिशी हवी असायची, आणि हाताचे फोटो. “सकाळी उठल्या उठल्या काढा,” ती म्हणायची, “तेव्हा सूज जास्त दिसते.” एकदा मी आनंदाने सांगितलं की आज सुईत दोरा ओवता आला. मग ती म्हणाली, “छान. पण हे रोजनिशीत लिहायची गरज नाही.”

मी लिहिलं नाही.

मारिस्का

फिजिओथेरपी मात्र मी गावातच घेत होते, आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरांनी, सुचवलेल्या ठिकाणी. तिथली मारिस्का उंच, मोठ्या हातांची, पन्नाशीची बाई होती. ती मला आरशासमोर बसवायची. उजवा हात आरशामागे लपवायचा, डावा हलवायचा, आणि आरशात बघायचं. मेंदूला वाटतं, उजवाच हलतोय. पहिल्यांदा केलं तेव्हा मला हुंदका आवरला नाही. माझे दोन्ही हात मला शाबूत दिसत होते. मारिस्का काही न बोलता खिडकी उघडायला गेली. मला वाटलं, मला सावरायला वेळ देतेय. नंतर तिनेच हसत सांगितलं, “ते कारण होतंच. पण तुझ्या मलमाचा वास भयंकर आहे गं.” त्या सगळ्या महिन्यांत वासाबद्दल माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच.

मार्चपर्यंत हात सुधारत होता. मग थांबला. मग मागे जायला लागला. बोटं पुन्हा ताठ.

“घरी व्यायाम करतेस?” तिने विचारलं.

“करते.”

“तो पट्टा किती वेळ घालतेस?”

“थोडा वेळ.”

दोन्ही उत्तरं खोटी होती. पट्टा मी दिवसभर घालत होते आणि व्यायाम बंद केले होते. का, ते सांगायला मला आत्ताही जड जातंय. ब्युरोच्या बाईने सांगितलं होतं की जूनच्या सुमाराला विमा कंपनीचा माणूस घरी येईल, तो तुमचा हात बघेल आणि त्यावर आकडा ठरेल. तोपर्यंत ‘फार घाई’ करू नका. औषधांचं बिल वाढत होतं, दर महिन्याला एक पत्रक यायचं, तळाचा आकडा जाड अक्षरात. ते फिटून आपल्याला काही उरायचं असेल तर आकडा मोठा हवा. आणि आकडा मोठा हवा असेल तर हात वाईट हवा.

काही आठवडे मला माझा हात बरा व्हायला नको होता. इतकं साधं आहे ते. मी सूज मोजायचे आणि ती उतरलेली दिसली की पत्रक काढून तळाचा आकडा बघायचे. सुजलेल्या हाताची मला कधी जेवढी घाण वाटली नव्हती, तेवढी या आठवणीची वाटते.

अपोटेक

पोट साफ होईना म्हणून मी गावातल्या अपोटेकमध्ये गेले. काउंटरवर नेहमीच्या बाई होत्या, पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. रांगेत चार माणसं असताना हे सांगणं नको झालं होतं, म्हणून हळूच म्हटलं, “पोटासाठी काहीतरी द्या.”

“किती दिवस झाले?”

“नऊ.”

त्यांनी चष्मा लावला. “कोणती औषधं घेताय?”

मी गोळ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, “माझ्याकडे याची नोंद नाही. कोण देतंय तुम्हाला?”

त्यांनी मला आतल्या छोट्या खोलीत नेलं. मी फोनवर ब्युरोची पत्रकं दाखवली. त्या एकेक ओळ वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. मलमाच्या ओळीवर थांबल्या.

“हे मलम तुम्ही आधी आमच्याकडून घेत होतात.”

“हो.”

“आम्ही काय किंमत घ्यायचो, आठवतंय?”

आठवत होतं. पत्रकात तेच मलम जवळजवळ सहापट होतं. मी पत्रकाचा तळाचा आकडा बघत आले होते. ओळ ओळ कधी वाचलीच नव्हती. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोण बघतं?

“आणि या गोळ्या,” त्या म्हणाल्या, “तुमच्या डॉक्टरांना माहीत नसताना कुणी द्यायला नको होत्या. पण आज एकदम बंद करू नका, त्रास होईल. मी तुमच्या हाउसआर्ट्सना आत्ता फोन करते.” आणि खरंच माझ्यासमोर केला. पोटाचं औषध दिलं, कसं घ्यायचं ते सांगितलं, आणि दाराशी येऊन माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. उजवीकडे लावला नाही. त्यांच्या लक्षात होतं.



घरात

हेमंतला सगळं सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडून सगळी पत्रकं एका तक्त्यात घातली. त्याची ही सवय, घाबरला की तक्ता करतो.

“आत्ता बाहेर पडलो तर हे सगळं आपल्याला लगेच भरावं लागेल,” तो म्हणाला. “कागदात तसं आहे. मी आज भाषांतर करून वाचलं.”

“आज?”

“मग? तेव्हा तूही नाही वाचलंस.”

“माझ्या हाताला आग लागली होती, हेमंत. तुझ्या नव्हती.”

तो उठून स्वयंपाकघरात गेला, परत आला. “दोन महिने कळ काढ. तो माणूस येऊन जाऊ दे. पट्टा घालून बस. एवढंच. कुणाला लुटत नाही आपण. विमा कंपनी आहे ती.”

वाईट म्हणजे मला त्याचं पटत होतं. आम्ही ‘हो’वर येऊन पोचलोच होतो. इरा जिन्यावर बसून ऐकत होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं. ती खाली आली आणि तिने अगदी सहज, शाळेच्या सुट्टीबद्दल विचारावं तसं विचारलं, “आई, सो यू विल गेट बेटर आफ्टर द केस, राइट? नॉट बिफोर?”

हेमंतने लॅपटॉप मिटला. मी काळा पट्टा काढला आणि मारिस्काने शिकवल्याप्रमाणे बोटं मिटायला लागले. इतकं दुखलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. इरा समोर बसून डचमध्ये आकडे मोजत राहिली.

घरभेट

विमा कंपनीचा माणूस जूनमध्ये आला. सकाळी साडेदहाला, कॉफीच्या वेळी, इथल्या रीतीप्रमाणे. सोबत ब्युरोची गोड आवाजाची बाई. ती अर्धा तास आधीच आली होती. माझ्या हाताला पट्टा नाही हे बघून तिने तो स्वतः शोधला आणि माझ्यापुढे धरला. “आज तरी घाला,” ती म्हणाली. आणि मी घातला. मला वाटलं होतं मी धीट झालेय. नव्हते झाले.

तो माणूस चांगला होता. फाइल उघडून शांतपणे वाचत होता. “इथे लिहिलंय, तुम्ही कपही उचलू शकत नाही. बरोबर?”

बाईने माझ्याकडे पाहिलं. हेमंतने जमिनीकडे.

“मार्चमध्ये उचलत होते,” मी म्हटलं. “एप्रिलमध्ये नाही. कारण मी हात वापरणं बंद केलं होतं.”

“डॉक्टरांनी सांगितलं म्हणून?”

“नाही. जास्त पैसे मिळावेत म्हणून.”

माझं डच तुटकं आहे. त्यामुळे ते वाक्य गुळगुळीत करता आलं नाही, जसं होतं तसंच बाहेर पडलं. बाई घाईने म्हणाली, ही दमलीय, तिला नीट सांगता येत नाहीये. मी पट्ट्याचे बंद सोडले, हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “हा माझा हात. आज असा आहे. दुखतो. करंगळी वळत नाही. मशीनवर वीस मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही. हे खरं आहे, याचे पैसे द्या. बाकी फाइलमधलं मला माहीत नाही.”

त्याने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, “थँक यू, मेफ्राऊ,” म्हणजे बाईसाहेब. बाई कॉफी न घेता निघून गेली.

कसं सुटलं

त्याच संध्याकाळी ब्युरोचा ई-मेल आला. ‘विश्वासभंग’, आणि सगळी रक्कम चौदा दिवसांत. हाउसआर्ट्सच्या ओळखीने आम्ही एका वकिलांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, सायकलवरूनच ऑफिसला आलेले. त्यांनी सातही पानं वाचली आणि कागद टेबलावर असा ठेवला जसं काही त्याला चिकट लागलंय.

त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या. त्या मला पहिल्या आठवड्यात कळायला हव्या होत्या. एक, अपघाताची जबाबदारी ज्याची, त्याच्याच विमा कंपनीने वकिलाचा वाजवी खर्चही द्यायचा असतो. दोन, औषधं, फिजिओ, घरकामाची मदत यांसाठी त्या कंपनीकडे आगाऊ रक्कम मागता येते. केस संपायची वाट बघायची गरज नसते. कुणीतरी नीट पत्र लिहून मागायची गरज असते, एवढंच.

आगाऊ रक्कम तीन आठवड्यांत आली. तीन आठवडे! त्याच्यासाठी मी हात गहाण टाकला होता.

ब्युरोशी भांडण लांबलं. शेवटी वकिलांनी त्यांना मलमाची अपोटेकमधली किंमत आणि वर थोडी रक्कम, एवढ्यावर आणलं. गोळ्यांचे पैसेही द्यावे लागले, न गिळलेल्यासुद्धा. भरपाई मिळाली, पण ब्युरोने स्वप्नात दाखवली होती तितकी नाही. एप्रिलमधलं माझं वागणं हिशेबात धरलं गेलं. धरायलाच हवं होतं. त्या काही आठवड्यांची किंमत पैशांत कमी गेली, हातात जास्त गेली. मारिस्का म्हणते, वेळेवर केलं असतं तर करंगळीही वळली असती कदाचित. ती हे मला सुनावत नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

गोळ्या सुटायला पाच आठवडे लागले. घाम, थरथर, उगीचच रडू. त्या काळात हेमंत घरून काम करायचा आणि दर तासाला चहा आणून ठेवायचा, न बोलता. आमच्यात बोलणं परत यायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. आता ठीक आहोत. त्याने एकदा भांडी घासताना, पाठ माझ्याकडे असताना, म्हटलं, “मी तुला पट्टा घालून बस म्हणालो होतो.” मी म्हटलं, “मी बसले होते.” त्या विषयावर आम्ही एवढंच बोललो आहोत.

मी पुन्हा शिवते. दिवसाला एक ब्लाउज, कधी दोन. हुक लावायला डाव्या हाताला शिकवलंय. थंडीत हात निळा पडतो.

पाडवा

यंदा गुढीपाडव्याचा कार्यक्रम शेजारच्या बेस्ट गावात एका हॉलमध्ये होता. मंदार माइकवर होता. जेवणाच्या वेळी तो माझ्याकडे आला तो एका जोडप्याला घेऊन. नवरा कुबड्यांवर, पाय घोट्यापासून बांधलेला. बायको पंचविशीची, नवी साडी, चेहरा ओढलेला.

“ह्या अनघा वहिनी,” मंदार त्यांना म्हणाला. “ह्यांची पण केस आपणच केली. विचारा त्यांनाच.” आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला खरोखर वाटत होतं की मी होकार भरेन. चार लोकांत, सणाच्या दिवशी, मराठी माणूस मराठी माणसाचं वाईट कसं बोलेल?

मी त्या मुलीला विचारलं, “सही केलीत?”

“नाही अजून. पर्समध्येच आहे कागद.”

“करू नका.”

मंदारचं हसू जागच्या जागी थिजलं. “वहिनी, तुम्हाला पैसे मिळाले ना शेवटी? औषधं मिळाली ना? मग? अजून राग आहे का?”

हा माणूस माझ्या घरी संत्री घेऊन आला होता. नंतर मला कळलं, माझ्या सहीचे त्याला ब्युरोकडून पैसे मिळाले होते. किती, ते मी कधी विचारलं नाही. मला तो आकडा माहीत करून घ्यायचा नाही.

“राग नाही रे,” मी म्हटलं. “राग असता तर एव्हाना गेला असता.”

मग कुणीतरी माइकसाठी हाक मारली आणि तो गेला. मुलीने नवऱ्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि दबक्या आवाजात विचारलं, “पण ताई, मग आत्ता औषधं कशी आणायची आम्ही?”

मी माझं ताट बाजूला सरकवलं आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.